साल्सा आधी ऐकावा: एक्तोर लावो यांच्या गायकीविषयी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत मराठी दैनिकांच्या पुरवण्यांमधून साल्साविषयी वरचेवर लिहून येते, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. मात्र हे सारे लेखन जवळजवळ नेहमी नृत्याविषयी असते. पुण्या-मुंबईतले वर्ग, पदन्यास, जोडीदाराशी साधायचा मेळ, व्यायाम म्हणून होणारे फायदे, असे सगळे त्यात येते. पण ज्या गाण्यावर ही पावले पडतात ते गाणे कोणी लिहिले, कोणी गायले आणि गायकाने त्यात नेमके काय केले, याबद्दल एक ओळही नसते. क्वचित एखाद्या साल्सा गायकावर लेख आलाच तर तो बहुधा एक्तोर लावो यांच्यावर असतो, आणि त्यात व्यसन, आग, मुलाचा मृत्यू, एड्स अशी संकटांची जंत्री इतकी जागा घेते की हा माणूस गात कसा होता हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. नृत्याच्या लेखांत गाणे हरवते आणि चरित्राच्या लेखांतही तेच हरवते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. लावो यांची थोरवी त्यांच्या दुःखात नाही, ती त्यांच्या गायकीत आहे, आणि ती गायकी मराठी वाचकाला समजावून सांगता येण्यासारखी आहे.

साल्साच्या गाण्याचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिल्या भागात गीतकाराने लिहिलेली कडवी येतात आणि ती गायक बऱ्याच अंशी लिहिली तशीच गातो. मग ताल घट्ट होतो, पियानोवर एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजू लागते, साथीचे गायक एकच पालुपद धरतात आणि दोन पालुपदांच्या मधली जागा मुख्य गायकासाठी मोकळी सुटते. ही जागा असते पाच-सहा सेकंदांची, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात त्याने ऐनवेळी सुचलेली ओळ गायची, ती आशयाला धरून असली पाहिजे, तिचे यमक जुळले पाहिजे, पुढचे पालुपद सुरू होण्याआधी ती संपली पाहिजे, आणि हे सगळे ‘क्लावे’ न मोडता झाले पाहिजे. क्लावे म्हणजे मुळात दोन लाकडी दांड्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध, एका अंगात तीन ठोके आणि दुसऱ्यात दोन. अनेकदा तो प्रत्यक्ष वाजवलाही जात नाही, पण प्रत्येक वादकाच्या मनात चालू असतो, आणि गायकाची ओळ त्याच्यावर आडवी पडली तर जाणत्या श्रोत्याला ते लगेच खटकते. ही उत्स्फूर्त ओळ म्हणजे ‘सोनेओ’ आणि ती लीलया गाणारा तो ‘सोनेरो’. साल्साच्या जाणकारांत कोणाला गायक म्हणणे आणि कोणाला सोनेरो म्हणणे यांत मोठा फरक आहे, आणि लावो पहिल्या प्रतीचे सोनेरो होते याबद्दल तिथे दुमत आढळत नाही.

ही कला त्यांच्याकडे कुठून आली हे समजून घ्यायचे तर पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या पोन्से या शहरात जावे लागते. तिथल्या माचुएलो भागात ३० सप्टेंबर १९४६ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव एक्तोर हुआन पेरेस मार्तिनेस. वडील गिटार वाजवत आणि स्थानिक गायनमंडळींतून गात असत. आई लहानपणीच गेली. मुलाने रीतसर शिकून ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवावे अशी वडिलांची इच्छा होती आणि त्यासाठी त्याला पोन्सेतल्या हुआन मोरेल काम्पोस संगीतशाळेत घातलेही होते. पुढे पियानोवादक म्हणून नावारूपाला आलेले पापो लुका हे त्या शाळेतले त्यांचे सोबती. पण मुलाचे कान होते गाण्याकडे, आणि त्यातही चुइतो एल दे बायामोन या गायकाकडे. चुइतो हे पोर्तो रिकोच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचे, ज्यांना तिकडे ‘हीबारो’ म्हणतात त्यांचे, लाडके गायक होते. या हीबारो परंपरेत ‘देसिमा’ नावाचा दहा ओळींचा छंद आहे. त्याच्या मैफलीत कवी-गायकाला शेवटची ओळ आधीच दिली जाते आणि त्याने तिथल्या तिथे आधीच्या नऊ ओळी अशा रचायच्या असतात की सगळा आशय नेमका त्या दिलेल्या ओळीवर येऊन टेकावा. आपल्याकडच्या समस्यापूर्तीची ज्यांना माहिती आहे त्यांना हा खेळ किती कठीण आणि किती रंगतदार असेल हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे ती समस्यापूर्ती भर मैफलीत, वाद्ये वाजत असताना, गाऊन करायची असते. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये लावो यांनी जे केले त्याची तालीम या परंपरेत झाली होती, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या आवाजात शहरी गुळगुळीतपणा कधीच आला नाही. तो उंच पट्टीचा, किंचित अनुनासिक, धारदार आवाज होता आणि उच्चार इतके स्वच्छ होते की चार-पाच पितळी वाद्ये एकदम कडाडत असतानाही प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो.

वयाच्या सोळाव्या वर्षी, मे १९६३ मध्ये, ते वडिलांच्या मर्जीविरुद्ध न्यूयॉर्कला गेले. थोरला भाऊ त्याच शहरात व्यसनापायी गेला होता, त्यामुळे वडिलांचा विरोध समजण्यासारखा होता. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून लाखो लोक कामधंद्यासाठी न्यूयॉर्कला गेले. पूर्व हार्लेम आणि दक्षिण ब्राँक्समध्ये त्यांच्या दाट वस्त्या झाल्या. क्यूबातल्या क्रांतीनंतर तिथून अमेरिकेत येणारे संगीत थांबल्यासारखे झाले होते. क्यूबाचा सोन, ग्वाराचा, मांबो, पोर्तो रिकोची बोंबा आणि प्लेना, शेजारच्या वस्तीतला जॅझ आणि सोल हे सगळे संगीतप्रकार या वस्त्यांमधल्या तरुणांच्या हातात एकत्र आले आणि त्यातून जे घडले त्याला पुढे साल्सा हे नाव मिळाले. डोमिनिकन संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या फानिया रेकॉर्ड्स या कंपनीने ते जगभर पोहोचवले.

याच कंपनीच्या एका कोवळ्या ट्रॉम्बोनवादकाला, विली कोलोनला, १९६७ मध्ये गायक हवा होता, आणि पाचेको यांच्या सांगण्यावरून लावो यांचे नाव पुढे आले. कोलोन ब्राँक्समध्ये जन्मलेला, सतरा वर्षांचा. लावो त्याच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. ‘एल मालो’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून १९७३ च्या ‘लो मातो’पर्यंत दोघांनी एकत्र जे काम केले ते साल्साच्या इतिहासातले सर्वांत भरीव काम आहे असे मी मानतो. कंपनीने दोघांना गुंडांच्या वेषात पेश केले. एका मुखपृष्ठावर तर कोलोनचे छायाचित्र पोलिसांना हवा असलेल्या गुन्हेगारासारखे छापले. ते सगळे विक्रीचे डावपेच होते आणि आज त्यांच्याकडे फार लक्ष देण्याचे कारण नाही. लक्ष द्यावे ते दोन कानांच्या भेटीकडे: एकाचे कान ब्राँक्सच्या रस्त्यावर तयार झालेले, दुसऱ्याचे पोन्सेच्या देसिमावर. कोलोनचे ट्रॉम्बोन खरखरीत, मुद्दाम ओबडधोबड. त्यावर लावो यांचा आवाज सुरीसारखा चालतो.

इथे दोन गाण्यांविषयी सविस्तर लिहितो. पहिले ‘काये लुना, काये सोल’. पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन, तिच्या जुन्या भागात या नावाच्या दोन समांतर गल्ल्या खरोखरच आहेत. या वस्तीतून जायचे असेल तर जपून जा, इथे तुझी गाठ कोणाशी पडेल ते सांगता येत नाही, असा गाण्याचा आशय आहे. एखाद्या गायकाने यात भीती भरली असती, दुसऱ्याने फुशारकी. लावो ते अशा सुरात सांगतात की घरातला मोठा भाऊ दारातून निघणाऱ्या धाकट्याला बजावतो आहे असे वाटावे. पालुपदानंतरच्या ओळींत ते आवाज चढवत नाहीत, उलट शब्द थोडे उशिरा टाकतात आणि ताल पुढे जाऊ देऊन मग त्याला गाठतात. हे ‘मागून येणे’ त्यांच्या गायकीची ओळख आहे. ऐकणाऱ्याला वाटते की आता ओळ पुरी होणार नाही, पालुपद अंगावर येणार, आणि अगदी शेवटच्या ठोक्याला ती नेमकी पुरी होते.

दुसरे ‘आग्वानिले’, १९७२ च्या ‘एल हुइसियो’ या ध्वनिमुद्रिकेतले, कोलोन आणि लावो या दोघांनी मिळून रचलेले. त्यातला मूळ शब्द आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांच्या उपासनेतून आलेला आहे. आणि त्याच गाण्यात लावो ख्रिस्ती प्रार्थनेतले ‘किरिये एलेइसोन’ हे ग्रीक शब्द आळवतात. कॅरिबियन बेटांवर चर्च आणि आफ्रिकी दैवते शतकानुशतके एकाच घरात नांदत आली आहेत, आणि हे गाणे ती गोष्ट व्याख्यान न देता ऐकवते. सुरुवातीला केवळ तालवाद्ये आणि आवाज. पितळी वाद्ये पुष्कळ उशिरा येतात. हेच लावो नाताळच्या ‘आसाल्तो नाविदेन्यो’मध्ये योमो तोरो यांच्या क्वात्रो या तंतुवाद्याच्या साथीने थेट हीबारो गाणी गातात. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या मुलांना आजोबांच्या गावची गाणी लाज वाटावी अशी राहिली नाहीत, यात या ध्वनिमुद्रिकेचा वाटा मोठा आहे.

ज्या वाचकांना सोनेरोची कला ऐकून पारखायची असेल त्यांना माझी एक सूचना आहे. २६ ऑगस्ट १९७१ रोजी मॅनहॅटनमधल्या ‘चीटा’ या नृत्यगृहात फानियाच्या कलावंतांचा एकत्र कार्यक्रम झाला. त्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण दोन्ही उपलब्ध आहे. त्यात ‘किताते तू’ नावाची एक लांबलचक रचना आहे. तू बाजूला हो, आता मी उभा राहतो, एवढेच तिचे पालुपद. आणि त्या एका पालुपदावर चेओ फेलिसियानो, इस्माएल मिरांदा, पीट रोद्रिगेस, सान्तोस कोलोन, लावो असे गायक एकामागून एक पुढे येऊन ऐनवेळच्या ओळी गातात. ताल तोच, पालुपद तेच, त्यामुळे प्रत्येकाचे बळ आणि मर्यादा उघड होतात. कोणी आवाजाच्या जोरावर निभावतो, कोणी गोडव्यावर. लावो त्या दिवशी चोवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या ओळींत सगळ्यांत जास्त खट्याळपणा आहे. स्पॅनिश न येणाऱ्यालाही हा फरक ऐकू येतो, कारण तो आधी लयीत आहे आणि मग शब्दांत.

कोलोनने १९७३-७४ च्या सुमारास फिरते कार्यक्रम थांबवले आणि वाद्यवृंद लावो यांच्या हाती सोपवला. ध्वनिमुद्रणांचे दिग्दर्शन मात्र तो पुढेही करत राहिला. १९७५ मध्ये ‘ला वोस’, १९७६ मध्ये ‘दे ती देपेन्दे’. या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतल्या एका गाण्याचा उल्लेख वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात करणे मला अगत्याचे वाटते. त्याचे नाव ‘पेरियोदिको दे आयेर’, म्हणजे कालचे वर्तमानपत्र. संपलेल्या प्रेमाला दिलेली ही उपमा आहे: पहाटे खळबळ उडवणारी बातमी संध्याकाळी कोणाच्या ध्यानातही नसते, तसे तुझे प्रेम झाले. ते लिहिणारे कातालिनो ‘तिते’ कुरेत आलोन्सो हे पोर्तो रिकोच्या टपाल खात्यात नोकरी करत आणि साल्साच्या सर्वश्रेष्ठ गीतकारांत त्यांची गणना होते. नृत्यवर्गात हे गाणे शेकडो वेळा वाजत असेल. त्यावर पावले टाकणाऱ्यांना एका टपाल कर्मचाऱ्याने किती कडवट आणि किती नेमकी कविता लिहून ठेवली आहे हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता ‘एल कान्तान्ते’कडे येतो, कारण लावो यांच्याविषयीच्या चुकीच्या समजुतीचे मूळ याच गाण्यात आहे. साल्साचेच गायक-गीतकार रुबेन ब्लेड्स यांनी ते लिहिले होते आणि स्वतःच गाण्याचा त्यांचा विचार होता. कोलोनच्या आग्रहाखातर त्यांनी ते लावो यांना दिले. १९७७ मध्ये मानसिक आजारामुळे लावो काही काळ मंचापासून दूर राहिले होते, आणि त्यानंतर १९७८ च्या ‘कोमेदिया’ या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे आले. गायकाचे गाणे ऐकायला सगळे पैसे मोजून येतात, पण त्याला काही दुखते का, तो रडतो का, हे कोणी विचारत नाही, असा कडव्यांचा आशय. श्रोत्यांनी ते लावो यांचे आत्मचरित्र मानले. २००६ मध्ये त्यांच्या आयुष्यावर निघालेल्या चित्रपटाने तर नावही हेच घेतले, आणि गाण्यापेक्षा व्यसनावर भर दिल्याबद्दल विली कोलोन यांनी त्यावर जाहीरपणे टीका केली. पण हे गाणे दहा मिनिटांहून मोठे आहे आणि दुःखाची कडवी त्याच्या पहिल्या भागातच संपतात. पुढे पालुपद येते, आणि त्यात साथीदार म्हणतात की आज आमच्या सर्वोत्तम ओळी तुला अर्पण. तिथून पुढे विलाप राहतच नाही. एक कसलेला सोनेरो आपल्या कसबाचा मनमुराद आनंद घेत, एकेक ओळ नव्याने वळवत, व्हायोलिन आणि पितळी वाद्यांच्या मधून वाट काढत जातो. ज्यांनी या गाण्यातून फक्त दुःखी माणूस उचलला त्यांनी अर्धेच गाणे ऐकले, असे मला खेदाने म्हणावे लागते. आपल्या पुरवण्यांमधले लेख याच अर्ध्या ऐकण्यातून लिहिले जातात.

त्यांच्या दुःखांविषयी लिहूच नये असे माझे म्हणणे नाही. १९८७ या एका वर्षात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले त्यांचे घर जळाले, सासूबाईंचा पोर्तो रिकोत खून झाला, आणि सतरा वर्षांचा मुलगा मित्राच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीने गेला. याच सुमारास एचआयव्हीचे निदान झाले. जून १९८८ मध्ये बायामोन इथला कार्यक्रम तिकिटे न खपल्याने आयोजकांनी रद्द केला, तरी आलेल्या थोड्या लोकांसाठी ते गायले; लगेच नंतर सान हुआनमधल्या हॉटेलच्या नवव्या मजल्यावरून ते खाली कोसळले आणि वाचले, पण पूर्वीसारखे गाणे पुन्हा शक्य झाले नाही. २९ जून १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले. वय अवघे सेहेचाळीस. अंत्ययात्रेला ब्राँक्सच्या रस्त्यांवर माणसांचा पूर लोटला होता. २००२ मध्ये त्यांचे अवशेष पत्नी आणि मुलासह पोन्सेला नेऊन तिथल्या दफनभूमीत ठेवले गेले. हे सर्व खरे आहे आणि वाचताना मन विषण्ण होते. परंतु दुःखे पुष्कळांच्या वाट्याला येतात. ‘काये लुना, काये सोल’मधली ती उशिरा येऊन वेळेत पोहोचणारी ओळ मात्र त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला जमली नाही.

त्यांच्या उशिरा येण्याविषयीही असेच. कार्यक्रमाला ते तासन्‌तास उशिरा पोहोचत आणि लोक त्यांना ‘वक्तशीरपणाचा राजा’ म्हणून चिडवत, हा किस्सा प्रत्येक लेखात असतो. त्यामागे व्यसन आणि नैराश्य होते, म्हणून तो गंमत म्हणून रंगवून सांगणे मला बरे वाटत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की लोक थांबत. पेरूमध्ये १९८६ च्या ऑगस्टमध्ये लिमाच्या जत्रेत ते गायले, आणि शेजारच्या कायाओ या बंदरात त्यांना आजही घरच्या माणसासारखे मानतात. तिथले गोदी कामगार आणि त्यांची नातवंडे काही त्यांच्या संकटांची यादी घोकत नाहीत. त्यांना गाण्यातल्या ओळी पाठ आहेत, आणि सोनेओसुद्धा पाठ आहेत, जे मुळात एका क्षणापुरते सुचले होते.

आपल्या पुरवणीचे संपादन करणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. साल्साविषयी पुढचा लेख छापताना त्यात नृत्याबरोबर निदान एका गाण्याचे नाव, त्याचा गीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष द्यावे. वर्ग चालवणाऱ्यांनाही वार्ताहराने तेवढे विचारावे. आणि संगीताच्या पानावर महिन्यातून एखादे वेळी अशा परदेशी गायकाचे एकच गाणे घेऊन ते कसे ऐकावे हे सांगणारा मजकूर द्यावा. इस्माएल रिवेरा, सेलिया क्रूस, चेओ फेलिसियानो अशी नावे लगेच सुचतात. ख्याल आणि नाट्यपद मन लावून ऐकणारा मराठी वाचक उत्स्फूर्त गायनाचा भुकेला आहे, त्याला हे परके वाटणार नाही. सुरुवात ‘किताते तू’पासून करावी असे सुचवतो, कारण त्यात एकाच बैठकीत अनेक सोनेरो ऐकायला मिळतात.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक संगीतप्रेमी वाचक, पुणे